दहावीचा निकाल ते १ ऑगस्ट: किनाऱ्यावरच्या घराने मुलाचे शिक्षण कसे टिकवावे

आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर मुलाचे शिक्षण सहसा कोणी ठरवून बंद करत नाही, ते आपोआप बंद पडते. दहावीचा निकाल लागतो, घरात पेढे येतात, मुंबईच्या काकाचा फोन येतो आणि चार दिवसांनी सगळे आपापल्या कामाला लागतात. मग पाऊस सुरू होतो, लावणीची घाई उडते, लाईट जाते, अर्जाची तारीख निघून जाते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी संपली की १ ऑगस्टला बोटी समुद्रात जायला मोकळ्या होतात, नारळी पौर्णिमा झाली की उरलेल्याही निघतात, आणि त्यांपैकी एकीवर आपला सोळा वर्षांचा मुलगा ‘एक हंगाम जाऊ दे, मग बघू’ एवढ्याच बोलीवर चढलेला असतो. मी अठ्ठावीस वर्षे हायस्कूलमध्ये गणित शिकवले. त्या ‘मग बघू’मधून वर्गात परत आलेली मुले मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता आणि कोकण विभागाचा ९९.०१ टक्के. याचा अभिमान वाटणे रास्त आहे. मात्र ही टक्केवारी किती मुले पास झाली तेवढेच सांगते. पास झालेल्यांपैकी कोण पुढे गेले आणि कोण जेटीवर गेले, हे तिच्यात कुठेच दिसत नाही. म्हणून हे लेखन पास होण्याविषयी नाही. पास झाल्यानंतरचे दोन महिने घराने कसे सांभाळावेत आणि त्यासाठी आधीची दोन-तीन वर्षे काय करून ठेवावे, याविषयी आहे.

सुरुवात घरातून करावी. ‘शिकलास तर साहेब होशील’ हे वाक्य मुलाला सांगू नये, कारण शिकून घरी बसलेली चार मुले त्याला वाडीतच दिसत असतात आणि त्या वाक्यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याऐवजी शिक्षणाचा उपयोग त्याला घरातल्या कागदांवर दिसू द्यावा. माझ्यापुरता तो मला एका पत्राने दाखवला. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. थोरल्या भावाने सातवीतूनच शाळा सोडली होती, कारण वडिलांच्या शब्दावर त्याला गिरणीत चिकटवायचे हे घरात आधीच ठरले होते, आणि त्या काळी ते वावगे नव्हते. चौथी शिकलेला माणूसही गिरणीत आयुष्य काढत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ गिरण्यांचे भोंगे पुन्हा कधीच वाजले नाहीत. वडील आणि भाऊ एकाच एसटीने घरी आले. पुढे काही वर्षांनी गिरणीकडून वडिलांच्या नावे एक पत्र आले. ते इंग्रजीत होते. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होतो, आणि ते पत्र देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या कोयरीखाली, चार महिने जपून ठेवलेले होते. मी दिवाळीत घरी येऊन ते वाचले तेव्हा देणी मागण्याची मुदत संपून सात आठवडे झाले होते. वडिलांनी फक्त एवढेच विचारले, ‘काय म्हणतात ते?’ मला त्याचे उत्तर द्यायला बराच वेळ लागला.

तेव्हापासून मी पालकांना एकच गोष्ट सांगत आलो आहे. मूल सातवी-आठवीत गेले की घरातला प्रत्येक कागद त्याला मोठ्याने वाचायला लावावा. विजेचे बिल, औषधाच्या पट्टीवरची तारीख, सोसायटीची नोटीस आणि सगळ्यात आधी सातबारा. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका गुंठ्याला वीस-वीस नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे वारलेली आणि उरलेली मुंबईत असतात. त्यामुळे कोणी तरी परस्पर व्यवहार करतो आणि घरी तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस येते. त्या नोटिशीला हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, आणि ते पंधरा दिवस ती नोटीस फडताळात पडून राहिली तर नोंद मंजूर होऊन जाते. ज्या मुलीने ती नोटीस आईला वाचून दाखवली आणि ज्या आईने दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालय गाठले, त्या दोघींना शिक्षणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

बोटीवरच्या घरात हाच धडा वाटणीच्या हिशेबाने शिकवता येतो. डिझेल, बर्फ आणि रेशन यांचा खर्च वजा झाल्यावर उरलेल्या रकमेतून नाखव्याचा, म्हणजे बोटमालकाचा, भाग आणि खलाशांचे वाटे निघतात. नववीत शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या तोंडून ऐकून तीन फेऱ्यांचा हिशेब गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. त्यात बर्फाच्या लाद्या दोनदा लागलेल्या निघाल्या. वडिलांनी ते पान फाडून खिशात घातले आणि नाखव्याला दाखवले. नाखवा सरळ माणूस होता. त्याने चूक मान्य करून पैसे दिले. त्या घरात पुढे मुलाच्या शिक्षणाविषयी वाद झाला नाही, आणि मी कितीही व्याख्याने दिली असती तरी हा परिणाम झाला नसता.

आता कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हुशारी असूनही आमची मुले अडतात ती बहुतेक वेळा इथेच.

मुलाचे नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकात एकसारखे आहे का, हे आठवीतच तपासावे. घरात एक आडनाव आणि कागदावर दुसरे, गावाच्या नावावरून पडलेले आडनाव एका ठिकाणी आहे तर दुसऱ्या ठिकाणी नाही, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वी ही दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होऊ शकते, पण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा नाव छापले गेले की तेच काम फार लांबते. मुलाच्या स्वतःच्या नावाने बँक खाते उघडून ते आधारशी जोडून घ्यावे, कारण शिष्यवृत्तीचे पैसे आता थेट खात्यावर येतात. आठवीत एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे, त्यांना या परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, आणि तो न भरल्यामुळे मिळालेली शिष्यवृत्ती गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

मोबाईल नंबरची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ती सगळ्यात जास्त नडते. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रत्येक अर्जाला ओटीपी लागतो आणि घरातला आधारशी जोडलेला नंबर असतो वडिलांचा. वडील मुंबईत कामावर किंवा समुद्रात रेंजबाहेर असतात. सेतू केंद्रात आई तासभर बसून राहते, ओटीपीची वेळ संपते, आणि मुलीचा हात धरून ती परत जाते. नववी संपण्याआधी मुलाच्या आणि आईच्या आधारला घरात राहणारा एक नंबर जोडून घ्यावा आणि तो नंबर पुढची पाच वर्षे बदलू नये.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्या कुटुंबांनी जातीचा दाखला दहावीपूर्वी काढावा आणि जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत करावा. या पडताळणीला वडिलांच्या बाजूचा जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. असा पुरावा बहुतेकदा एकाच ठिकाणी सापडतो, तो म्हणजे आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिच्या जनरल रजिस्टरमध्ये. माझ्या एका विद्यार्थिनीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी हा उतारा हवा होता. आम्ही दोघे आणि तिची आई अशी तिघे तिच्या आजोबांच्या वाडीतल्या शाळेत गेलो. शिक्षकांनी लोखंडी पेटीतून वाळवीने कडा खाल्लेले रजिस्टर काढले, आणि दुपारपर्यंत पाने उलटल्यावर १९५४ सालच्या नोंदीत आजोबांचे नाव सापडले. दुसरीत असताना नाव कमी केलेले होते. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात निळ्या शाईने लिहिले होते, ‘सतत गैरहजर’. आजोबा दीड वर्ष शाळेत गेले, मग गुरांमागे गेले, आयुष्यभर त्यांना सहीपलीकडे काही लिहिता आले नाही; पण त्या दीड वर्षाच्या एका ओळीवर त्यांच्या नातीला प्रवेश मिळाला. तिची आई त्या ओळीवर बोट ठेवून किती तरी वेळ उभी होती. मग तिने हळूच विचारले, ‘सर, माझं नाव असंल का हो अशा कुठल्या वहीत?’ ती कधी शाळेतच गेली नव्हती.

म्हणून हा उतारा गरज पडण्याची वाट न पाहता, मूल नववीत असतानाच अर्ज देऊन काढून ठेवावा. पटसंख्या कमी झाल्यामुळे पुष्कळ वाड्यांतल्या शाळा बंद होत आहेत किंवा दुसऱ्या शाळेला जोडल्या जात आहेत आणि त्यांची रजिस्टरे कोणत्या कपाटात गेली हे सांगणारे शिक्षकही निवृत्त होत आहेत. फार जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते, त्यालाही वेळ लागतो.

दहावीच्या वर्षाविषयी थोडक्यात. आपल्याकडे परीक्षा, शिमगा आणि आंबा हे तिन्ही फाल्गुनाच्या आगेमागे एकत्र येतात. ग्रामदेवतेची पालखी घरी येणार त्या रात्री मुलाला कोंडून ठेवावे असे मी कधीच म्हणणार नाही. पालखी नाचवणे हाही त्याचा हक्क आहे. पण बागेत राखणीला आणि पेट्या भरायला त्या एका वर्षी त्याला बसवू नये, आणि पालखीची रात्र सोडून इतर रात्री त्याला झोप मिळेल एवढे पाहावे.

परीक्षा संपताच, निकालाची वाट न पाहता, पुढच्या वाटा घरात बोलून ठरवाव्यात. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाईन केंद्रीय पद्धतीने होतो आणि त्यात दहापर्यंत महाविद्यालयांची पसंती देता येते. इथे किनाऱ्यावरच्या मुलांची एक चूक हमखास होते. यादीतले नाव पाहून पसंती भरली जाते, आणि मग लक्षात येते की त्या महाविद्यालयाला पोहोचवणारी पहिली एसटी आपल्या फाट्यावर साडेनऊला येते. पसंती भरण्याआधी वेळापत्रक पाहावे, पावसात खाडीवरची तर (पलीकडे नेणारी होडी) चालू असते का हे विचारावे, आणि जिथे रोज जाऊन येणे खरोखर जमेल तेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहावे, कारण पहिली पसंती मिळाल्यावर प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे आणि मुलांना मोठी सवलत आहे. पास शाळा सुरू होताच मागून घ्यावा.

अकरावी हीच एक वाट आहे असे मात्र मानू नये. यंत्राची आवड असलेल्या मुलाला आयटीआयला घालण्यात कसलाही कमीपणा नाही. डिझेल मेकॅनिक आणि वेल्डर हे अभ्यासक्रम एका वर्षाचे आहेत, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. बंदरातल्या बोटींची इंजिने दुरुस्त करायला बाहेरचा माणूस बोलावावा लागतो हे ज्या मुलाने रोज पाहिले आहे, त्याला डिझेल मेकॅनिकचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांत होते. ज्याच्या घरी बाग आहे त्याने दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पदविकेची माहिती काढावी. ज्याला समुद्रच हवा आहे त्यालाही शिक्षण आहे. मत्स्यव्यवसाय विभागाची नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाच्या देखभालीची सहा महिन्यांची प्रशिक्षणे आहेत, आणि बारावी विज्ञान केलेल्याला रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. बोटीवर जाणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. माझे निम्मे विद्यार्थी बोटीवर आहेत आणि ते कष्टाचे, इमानाचे काम करतात. बोटीवर जाण्यावाचून दुसरा मार्गच नसणे वाईट आहे, आणि १९८२ साली आमच्या घराने तेच भोगले.

एक-दोन विषय राहिले तरी वर्ष जात नाही, हे घरी ठाऊक नसते. दोन विषयांपर्यंत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, म्हणजे बोटी निघण्याआधी. निकालाच्या दिवशी मुलावर ओरडण्यात वेळ न घालवता दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन पुरवणीचा अर्ज भरावा. गणितात राहिलेल्या मुलाला शेजारच्या पदवीधर ताईने रोज एक तास बसवले तरी दीड महिन्यात तो निघतो; मी असे कितीतरी काढले आहेत.

मुलींच्या बाबतीत अडथळा वेगळा असतो. तिला बोटीवर कोणी नेत नाही; तिला काजूच्या कारखान्यात, मासळी सोलायला किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवतात, आणि कारण सांगतात फाट्यापर्यंतच्या वाटेचे. ते कारण खोटे नसते. जुलैच्या संध्याकाळी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून दोन किलोमीटर एकटीने चालणे सोपे नाही. पण त्याला उपाय आहे. वाडीतल्या तीन-चार मुलींनी एकाच महाविद्यालयाची पसंती भरावी आणि घराघरांनी पाळी लावून संध्याकाळी फाट्यावर एक मोठे माणूस उभे करावे. आमच्या वाडीत हे सहा वर्षे चालले आणि त्यांतली एकही मुलगी मधे थांबली नाही. याच किनाऱ्यावरच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही. त्याच माणसाने पुढे १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. ती पायपीट मुलींना सांगावी, पण संध्याकाळी फाट्यावरही उभे राहावे. बारावीनंतरच्या खर्चाची धास्ती असेल तर हे लक्षात ठेवावे की २०२४-२५ पासून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही.

एवढे करूनही मूल १ ऑगस्टला गेलेच, तर घराने दार लावून घेऊ नये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कुणाकडेही गहाण पडल्यासारखा ठेवू नये, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरीच ठेवावा. दहावी राहिलेल्याला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, आणि दहावी होऊन दोन वर्षे गेलेल्याला त्याच फॉर्मने बारावीला बसता येते. हा अर्ज पावसाळ्याच्या सुमारास निघतो आणि त्याला मूळ दाखला लागतो, तो नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र यांच्या मागे धावावे लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) वाट अधिक सैल आहे. तिथे वर्षातून दोनदा परीक्षा होते, एकेक विषय सोडवत जाता येतो आणि नोंदणी पाच वर्षे टिकते. हंगामावर काम करणाऱ्या मुलाला हे अधिक मानवते.

माझा एक विद्यार्थी तीन हंगाम बोटीवर होता. बंदीच्या दोन महिन्यांत तो दरवर्षी दोन विषय करत असे. पुस्तक तो केबिनच्या फळीमागे, जीपीएसच्या वायरीशेजारी, मासळीच्या जाड पिशवीत गुंडाळून ठेवी आणि बोट वाऱ्याने बंदरात अडकली की बाहेर काढी. तांडेल (बोटीचा प्रमुख) आधी हसला, मग तिसऱ्या वर्षी हवामानाचा इशारा मोबाईलवर आला की तोच त्याला हाक मारू लागला, ‘अरे, बघ रे काय लिहिलंय.’ सध्या तो मुलगा तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आईने परवा माझ्याकडे धाकट्याचा आठवीचा दाखला आणला होता. आधारवर आडनाव वेगळे आहे, ते आत्ताच करून टाकूया का, असे विचारायला.